पुराने खरडलेल्या जमिनीवर तलावाचा गाळ आणून टाकायचा आहे. कोणकोणत्या परवानग्या लागतात?

प्रश्न : सीनाकाठ (परांडा, जि. धाराशिव)

सर्वांना नमस्कार. परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठी माझ्या वाट्याची तीन एकर जमीन आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्यातील सुमारे सव्वा एकराचा वरचा थर पूर्णपणे खरडून गेला. पाणी उतरल्यावर पहिल्यांदा शेतात गेलो, तेव्हा ठिबकच्या नळ्या बांधावरच्या बाभळीला गुंडाळलेल्या होत्या, आणि दीड फूट खोल पुरलेली पीव्हीसीची पाइपलाइन उघडी पडून मुरमावर नुसती टेकलेली होती. माती किती गेली याचे वेगळे मोजमाप करण्याची गरजच उरली नाही. उलट खालच्या बांधाला, जेथे पाण्याचा जोर मोडला, तेथे दहा-बारा गुंठ्यांवर फूटभर वाळू येऊन बसली आहे.

पंचनामा झाला असून त्यात जमीन खरडून गेल्याची नोंद आहे. शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा जमिनींसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली होती, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न पैशांविषयी नाही. माती आणायची कोठून आणि कोणत्या कागदावर, हा आहे.

माझ्यापुढे सध्या तीन पर्याय आहेत. गावच्या पाझर तलावात भरपूर गाळ साचला आहे; तलाव माझ्या शेतापासून अडीच किलोमीटरवर असून ट्रॅक्टरवाला खेपेला ४०० रुपये मागतो. दुसरा पर्याय रस्त्याच्या कामावरील एका ठेकेदाराच्या माणसाने सुचवला : तो पुलाच्या खोदाईतून निघालेली काळी माती माझ्या शेतात आणून टाकेल, आणि त्या बदल्यात माझ्या माळाच्या तुकड्यातून मुरूम नेईल, म्हणजे खड्ड्याचे शेततळेही आपोआप होईल. तिसरा पर्याय असा की, एक गाडीवाला औद्योगिक वसाहतीच्या बाजूने निघणारी ‘काळी, कसदार माती’ पूर्ण फुकट पोहोचवायला तयार आहे. मात्र गाड्या रात्रीच येतील, असे तो सांगतो.

गावात प्रत्येकाचे मत निराळे आहे. कोणी म्हणते, गाळाला परवानगी लागतच नाही. कोणी म्हणते, ट्रॅक्टर तहसीलला लागेल आणि सुटणार नाही. एका शिकलेल्या मुलाने तर तलाव ही पाणथळ जागा असल्यामुळे तेथील चिखलालाही हात लावता येत नाही, असे सांगितले. शिवाय शेतात आलेल्या वाळूलाही एक गिऱ्हाईक आले आहे. गाळाला स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते का, पर्यावरण खात्याची मंजुरी लागते का, ही वाळू मला विकता येईल का, आणि मुळात हा गाळ माझ्या जमिनीला मानवेल का, एवढे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : जुना_महसुली

दादा, मी महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळी कुलुपे आहेत आणि लोक एकाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहतात. बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. एक कुलूप पर्यावरणीय मंजुरीचे आहे, दुसरे गौण खनिजाचे (वाळू, मुरूम, काही कामांची माती वगैरे) म्हणजे महसुलाचे आहे. पहिल्यातून सूट मिळाली म्हणजे दुसरे उघडले असे होत नाही.

आधी पर्यावरणाचे पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार खाणकामाला पूर्वमंजुरी लागते. ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजाचे उत्खनन पूर्वी त्यातून निसटत असे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ती वाट बंद केली. त्यानंतर शेतकरी, कुंभार, ग्रामपंचायती अशा सगळ्यांचीच अडचण होऊ लागली, म्हणून १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने परिशिष्ट ९ जोडून काही कामांना या मंजुरीतून स्पष्ट सूट देण्यात आली. तुमच्या कामाच्या तीन गोष्टी त्यात आहेत : धरणे, तलाव व कालव्यांच्या देखभालीसाठी काढलेला गाळ, रोजगार हमी व अन्य शासकीय योजनांतून होणारे गावतळ्यांचे गाळ काढण्याचे काम, आणि पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने दूर करणे. तेव्हा गाळ काढण्यासाठी किंवा शेतातली वाळू हलवण्यासाठी तुम्हाला पर्यावरण विभागाच्या दारात जाण्याचे कारण नाही.

पाणथळ जागांविषयी त्या मुलाने वाचले ते अर्धेच वाचले आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांमध्ये सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय व्याख्येतूनच वगळलेले आहेत. मात्र तलाव किंवा वाहतुकीचा रस्ता वनजमिनीत किंवा अभयारण्यात येत असेल, तर वन विभागाची परवानगी सर्वांत आधी. तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माळढोक अभयारण्याचे तुकडे विखुरलेले आहेत, म्हणून गाड्यांचा रस्ता कोणत्या गटातून जातो हे नकाशावर पाहून घ्या.

आता महसुलाचे कुलूप. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, राज्याने कोणाला दिलेला नसेल तर खनिजाचा अधिकार राज्याचा असतो. पोटकलम ७ मध्ये विनापरवाना उत्खननासाठी बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगितला आहे, आणि त्याची भाषा एकदा तरी वाचावी अशी आहे : नाले, नदीपात्र यांबरोबर शेते आणि बांधही त्यात आहेत, आणि बांधदुरुस्तीची सबब सांगितली तरी सुटका नाही असे कायद्यातच लिहिलेले आहे. ज्याने हे कलम लिहिले त्याने खेडे जवळून पाहिलेले होते. पोटकलम ८ नुसार वाहन व यंत्र जप्त होते, आणि २०१८ पासूनच्या नियमांनुसार ते सोडवण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख रुपयांपर्यंत, तर पोकलेनला साडेसात लाख रुपयांपर्यंत रक्कम भरावी लागते.

माती हे खनिज आहे का, हा वाद जुना आहे. मुरूम आणि विटांची माती ही पूर्वीपासूनच गौण खनिजे आहेत. साधी माती मात्र केंद्राने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने गौण खनिज ठरवली, तीही भराव, रस्ते, रेल्वे व इमारतींच्या बांधकामात भर घालण्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तरच. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच सांगितले की, नुसते खोदले म्हणून आकारणी होत नाही. माती कोणत्या कामी आली ते पाहावे लागते. म्हणजे तीच ट्रॉली शेतात रिकामी झाली तर एक गोष्ट, आणि घराच्या जोत्यात रिकामी झाली तर दुसरी. तरीही हा निकाल खिशात घालून पोकलेन लावू नका. रस्त्यात गाडी अडवणाऱ्या पथकापुढे युक्तिवाद चालत नाही, कागद चालतो.

गाळासाठी तो कागद उपलब्ध आहे. ६ मे २०१७ च्या शासन निर्णयाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती नव्या स्वरूपात पुढे आली. तिच्यात शेतासाठी नेलेल्या गाळावर स्वामित्वधन नाही. शिवाय अल्प व अत्यल्प भूधारकांना घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५ हजार रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंत, अनुदान मिळते. तुमची तीन एकर जमीन त्यात बसते. एकरी ४०० घनमीटर धरले, तर सव्वा एकराला ५०० घनमीटर, म्हणजे साधारण १७७ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ होतो. २०२१ पासूनचा ब्रासला ६०० रुपये हा दर या गाळाला लागला असता, तर १ लाख ६ हजार रुपये भरावे लागले असते. ते वाचतात आणि वर सुमारे १७ हजार ८७५ रुपये अनुदान मिळते. खेपेला एक ब्रास धरला तर ४०० रुपयांप्रमाणे वाहतुकीचे ७० हजार होतात, हे मात्र कोणी गावसभेत सांगत नाही.

ठेकेदाराच्या देवघेवीत पडू नका. त्याला मुरूम हवा आहे, आणि मुरूम रस्त्यात गेला की तो निखळ गौण खनिज असतो. रस्त्यांसारख्या कामांसाठी साधी माती उचलण्याला २८ मार्च २०२० रोजी पर्यावरणीय मंजुरीतून सरसकट सूट देण्यात आली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. बुलढाणा पॅटर्नमध्ये तलाव व नाले खोल करून ती माती महामार्गाला वापरली गेली हे खरे आहे, परंतु त्यामागे शासनाचे आदेश आणि यंत्रणांमधील लेखी व्यवस्था होती. तुमच्या बाबतीत केवळ तोंडी शब्द आहे, आणि सातबारा तुमच्या नावावर आहे.

वाळूविषयी एकच सांगतो. ती बाजूला करून बांधाला लावणे आणि ती विकणे या दोन गोष्टी कायद्याला वेगवेगळ्या दिसतात. परिशिष्ट ९ मधली सूट शेत मोकळे करण्याची आहे. विक्री करायची तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि वाहतूक पास घेतल्याशिवाय एक ब्रासही हलवू नका.

प्रतिसाद : मातीपरीक्षक

वरील प्रतिसादानंतर कायद्याविषयी मी भर घालत नाही. माझे काम माती तपासण्याचे आहे, त्यामुळे ‘मानवेल का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

मुरूम उघडा पडलेल्या जमिनीला तलावाचा गाळ चांगला लागू पडतो, कारण अशा जमिनीत पाणी धरून ठेवणारी चिकणमाती उरलेलीच नसते आणि गाळात तीच सर्वांत अधिक असते. काळ्या, भारी जमिनीत हाच गाळ टाकला तर निचरा बिघडतो. तेव्हा शेजाऱ्याने टाकला म्हणून आपल्या उरलेल्या पावणेदोन एकरांत तो पसरू नये. एकरी ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरचा, चार बोटे जाडीचा थर होतो. पुष्कळ शेतकऱ्यांना तो कमी वाटतो आणि ते फूटभर गाळ ओततात. सव्वा एकरात फूटभर म्हणजे दीड हजार घनमीटर, पाचशेहून अधिक खेपा. आणि एवढे करून खालचा मुरूम व वरचा गाळ यांचा सांधा जुळत नाही. पाणी त्या सांध्यावर अडते, मुळे तेथेच आडवी वळतात. पहिल्या वर्षी चार बोटे गाळ घालून तो कुळवाने व रोटाव्हेटरने मुरमाच्या वरच्या तीन-चार इंचांत नीट मिसळावा, आणि गरज वाटली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढाच घालावा.

तलावातला सगळा गाळ सारखा नसतो. पाणी ज्या बाजूने आत येते, तेथे वाळू व बारीक खडे आधी खाली बसतात. अगदी बारीक चिकण भरावाच्या अंगाला, खोल पाण्यात बसते. मुरमाड जमिनीला मधल्या पट्ट्यातला गाळ सर्वांत उपयोगी पडतो. तीन-चार ठिकाणांहून, एक-दोन फूट खोलीपर्यंतचे नमुने घेऊन ते मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावेत. सामू (पीएच) ८.५ च्या वर, क्षारता मीटरला १ डेसिसायमनपेक्षा अधिक किंवा मुक्त चुना १० टक्क्यांहून जास्त आला, तर तो गाळ सोडून द्यावा. मातीच्या कणांना चिकटलेले (विनिमयक्षम) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल, तर आपण स्वतःच्या खर्चाने चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी जमीन तयार करत आहोत असे समजावे.

अहवाल येईपर्यंत घरी एक चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यावे, बोराएवढा वाळलेला ढेकूळ त्यात अलगद सोडावा आणि पेला न हलवता दोन तास ठेवावा. ढेकूळ फुटून तळाशी पडले आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग तयार होऊन तो तळाशी पसरत गेला, तर त्या मातीत सोडियम आहे. बोअरच्या पाण्याने ही चाचणी करू नये. त्या पाण्यातले क्षार ढग होऊच देत नाहीत आणि वाईट माती चांगली ठरते.

गाळात स्फुरद, पालाश बऱ्यापैकी असते, पण नत्र आणि जिवाणू यांची अपेक्षा ठेवू नये. पाण्याखाली वर्षानुवर्षे राहिलेली ही माती हवेला नवखी असते. एप्रिल-मे मध्ये ती पसरून उन्हात तापू द्यावी, पहिल्या पावसानंतर वाफसा आला की हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा, आणि शेणखत हात आखडता न घेता द्यावे. पहिल्या खरिपात लव्हाळा आणि गाजर गवत जोरात उगवेल; त्यांचे बी आणि गाठी गाळाबरोबरच येतात.

वाळूचा थर तीन-चार इंचांचा असता तर खोल नांगरटीने मिसळून टाका म्हटले असते. फूटभर वाळू मात्र बाजूला करावीच लागेल.

रात्री येणाऱ्या फुकटच्या मातीविषयी मला तीव्र शंका आहे. साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेला लगदा) असेल तर तो दिवसाउजेडी, पावतीसह येतो. सांडपाणी प्रक्रियेचा गाळही काळा, मऊ आणि दिसायला कसदार असतो, आणि त्यात जड धातू असू शकतात. घातक कचरा हाताळण्याचे २०१६ चे नियम अशा गाळाची वाट ठरवून देतात, आणि ती वाट कोणाच्या शेतातून जात नाही. तुलनेसाठी सांगतो : खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टमध्ये किलोला शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे. गाडीवाल्याकडे कारखान्याचे नाव, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत आणि प्रयोगशाळेचा अहवाल लेखी मागावा. बहुधा तो पुन्हा फोन करणार नाही.

प्रतिसाद : बालाघाटचा_गडी (बीड)

मातीपरीक्षक सरांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्याकडे निव्वळ खडकाळ माळावर मी पावणेदोन फूट गाळ भरला होता आणि त्यावर तिसऱ्या वर्षी ज्वारी छातीएवढी झाली. पहिली दोन वर्षे मात्र पाऊस उघडला की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडत आणि पाऊस लागला की पाणी साचे, हेही कबूल करतो.

मला सांगायचे आहे ते कागदाविषयी. माझ्याकडे ग्रामपंचायतीचा ठराव होता, तलाव ज्यांच्या ताब्यात त्या कार्यालयाचे पत्र होते, गट नंबरही त्यात होता. दोनशेच्या आसपास खेपा विनातक्रार झाल्या. शेवटच्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला की, घराच्या जोत्यात तीन ट्रॉल्या टाकून द्या, एवढ्याने काय होते. तिसरी ट्रॉली उलटत असतानाच महसूल पथकाची गाडी आली. पत्रात गट नंबर शेताचा आणि माती गावठाणात. माझ्याकडे बोलायला जागाच उरली नाही. ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात तेवीस दिवस उभा होता, दोन्ही मागची टायरे बसली, आणि ऐन पेरणीत मी भाड्याने ट्रॅक्टर शोधत फिरत होतो. रक्कम भरून तो सोडवला. गाळाच्या दोनशे खेपांना जो खर्च आला, त्याच्याहून या तीन खेपा महाग पडल्या. जुना_महसुली साहेबांनी वर शेत आणि जोते यांचा जो फरक सांगितला, तो मला त्या दिवशी कळला.

त्यामुळे दादा, एक शंभर पानी वही करा. तारीख, वाहन क्रमांक, चालकाची सही, निघण्याची वेळ आणि कोणत्या गटात रिकामी झाली, एवढे रोज लिहा. पत्राच्या झेरॉक्स प्रत्येक चालकाच्या खिशात ठेवा; मूळ प्रत कोणालाही देऊ नका. अंधार पडल्यावर एकही खेप करू नका, कागद पक्का असला तरी. आणि भाऊबंदाला आधीच सांगून ठेवा की जोत्यासाठी मुरूम लागत असेल तर त्याने आपली स्वामित्वधनाची पावती आपण काढावी.

प्रतिसाद : खाजनकाठ (बार्देश, गोवा)

आमच्याकडे या विषयाची बाजू उलटी आहे. शेतात माती येत असेल, तर ती पिकासाठी येत आहे यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारणही आहे : डोंगर कापून निघालेली तांबडी माती भातशेतात टाकायची, शेत रस्त्याच्या पातळीला आणायचे आणि चार वर्षांनी तेथे घरे उभी करायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १७-अ नुसार डोंगराळ जमीन कापणे आणि सखल जमीन भरणे या दोन्हींना पूर्वपरवानगी लागते. खाजन जमिनींना (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांना) किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध त्याशिवाय आहेत. मानशीच्या (बांधातील पाण्याच्या दाराच्या) तोंडाचा चिखल काढून बांधाला लावणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. तीच जमीन बाहेरच्या मातीने भरणे हा गुन्हा होतो. ज्यांची शेती कोकणात किंवा गोव्यात आहे, त्यांनी वरील मराठवाड्याचे उत्तर जसेच्या तसे वापरू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

सीनाकाठ यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. रात्रीच्या गाडीवाल्याला कारखान्याचे नाव विचारले, तर ‘तुम्हाला माती पाहिजे की नाव पाहिजे’ असे म्हणून त्याने फोन ठेवला. तो पर्याय संपला. ठेकेदाराच्या माणसालाही नकार कळवला. पेल्याची चाचणी तलावाच्या तीन जागच्या ढेकळांवर केली. सांडव्याकडच्या नमुन्याभोवती ढग आला, बाकीच्या दोन पेल्यांतले पाणी स्वच्छ राहिले. आता ते दोन नमुने प्रयोगशाळेत देत आहे.

आमच्या तलावात यंदा पाणी अजून बरेच आहे, त्यामुळे गाळ उघडा पडायला एप्रिल उजाडेल. तोपर्यंत कागद पूर्ण करायचे आहेत. तलाव कोणाच्या ताब्यात आहे याविषयी गावात दोन मते आहेत. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात जिल्हा परिषदेचा, तर जुनी माणसे म्हणतात पाटबंधारे खात्याचा. अर्ज नेमका कोणाकडे करावा? आणि खोली किती घ्यायची हे जागेवर कोण ठरवते?

प्रतिसाद : जुना_महसुली

सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असलेले तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे किंवा जलसंधारण विभागाकडे असतात, त्यावरचे राज्याच्या मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. पाझर तलाव म्हणता आहात, त्यावरून तो जिल्हा परिषदेचा असण्याची शक्यता अधिक दिसते. तरी अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्यांकडे द्या, प्रत तहसीलदारांना द्या, आणि दोन्हीकडची पोच घ्या; तलाव त्यांचा नसेल तर ते तसे लेखी कळवतील आणि वादही मिटेल. अर्जात गट नंबर, क्षेत्र, ५०० घनमीटर हा आकडा, वाहनांचे क्रमांक आणि पंचनाम्याची प्रत जोडा. वाळूसाठी वेगळा अर्ज करा. गाळाच्या अर्जात वाळू हा शब्दही येऊ देऊ नका, कारण या योजनेत वाळू उपसायला पूर्ण बंदी आहे.

खोली शाखा अभियंता ठरवतात. काळा गाळ संपून पिवळसर मांजर माती किंवा मुरूम लागला की तळ आला. त्याच्याखाली बादली घालायची नाही. मातीच्या भरावाचा आतला पायथा उघडा पडला तर तलाव पुढच्या पावसाळ्यात तुमच्याच शिवारात येईल, म्हणून अभियंत्यांनी सांगितलेले अंतर सोडून भरावाच्या समांतर चुन्याची फक्की मारून घ्या, पोकलेनच्या चालकाला ती दाखवा, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्या फक्कीसह तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा.